वर्ष संपत आलं, धम्माचं सुटलेलं काम परत कसं धरायचं? (वास्को-वेर्णा भाग)

कुठ्ठाळीकर_नवा
२६ डिसेंबर, रात्री ११:५२

जयभीम सगळ्यांना. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. मी मूळचा कणकवलीकडचा, गेली अकरा वर्षं गोव्यात, वेर्ण्याला फार्मा कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे, राहायला कुठ्ठाळीला भाड्याने. बायको, मुलगी सातवीत, मुलगा अजून बालवाडीत.

तर दर ६ डिसेंबरला माझं काहीतरी ठरतं आणि पुढच्या ६ डिसेंबरपर्यंत ते विसरलेलं असतं. गेल्या वर्षी चैत्यभूमीला गेलेलो, शिवाजी पार्कात रात्रभर रांगेत, पाय भरून आलेले पण डोकं एकदम लख्ख. परत येताना कोकणकन्येत आम्ही चौघांनी ठरवलं की आता बस झालं नुसतं अभिवादन, दर रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचा, दोन-तीन पानंच, येतील ते येतील. पहिल्या रविवारी अकरा माणसं आली, दुसऱ्या रविवारी सात. तिसऱ्याला मी, बायको आणि शेजारचा एक, तोही वायफायचा पासवर्ड मागायला आलेला आणि लाजेने बसून राहिला. चौथ्या रविवारी माझीच सेकंड शिफ्ट. पुस्तक तेव्हापासून फ्रिजवर आहे, आत कदंब बसचं तिकीट घातलेलं.

यंदा चैत्यभूमीला जायला रजा मिळाली नाही, म्हणून घरीच मेणबत्ती लावून वंदना घेतली आणि फ्रिजवरचं पुस्तक दिसलं, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते पण इथे नाव नाहीये म्हणून सांगतो. कंपनीत डबा खाताना कोणी विचारतं, गणपतीला गावी जाणार ना? मी हो म्हणतो. आडनावावरून कोणाला कळत नाही आणि मीही कळू देत नाही. अकरा वर्षांत एकदाही त्या टेबलावर 'मी बौद्ध आहे' हे तीन शब्द तोंडातून निघालेले नाहीत. आणि मी धम्म सांगायला निघालोय!

वरून आमची मुलगी. शाळेत सगळी पोरं नाताळचा गोठा आणि स्टार बनवत होती, मॅडमनी सांगितलं प्रत्येकाने आपापल्या सणावर दहा ओळी लिहा. हिने बुद्धपौर्णिमा घेतली. तीन ओळींवर अडली. मला विचारते, पप्पा, बुद्धपौर्णिमेला आपण नक्की काय करतो? मी म्हटलं, खीर करतो की. ती म्हणाली, खीर तर वाढदिवसाला पण करतो.

यावर काय बोलणार.

तर अनुभवी लोकांनी सांगा, एकदा बंद पडलेलं काम परत कसं सुरू करायचं, तेच लोक परत येतात का, आणि मुळात सांगायचं कोणाला? आपल्याच माणसांना की बाहेरच्यांनाही? इथे गोव्यात धर्माचं काही सांगायला आलोय म्हटलं की समोरचा दार अर्धं लावूनच बोलतो. १ जानेवारीला मला ऑफ आहे, त्या दिवसापासून काहीतरी धरायचं आहे. नुसतं 'संकल्प करा' असं नका सांगू, संकल्पांचा स्टॉक भरपूर आहे.

---

म्हापशाची_उपासिका
२७ डिसेंबर, सकाळी ६:१५

जयभीम भाऊ. सकाळची वंदना झाली आणि तुमचं वाचलं. मी शिक्षिका होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे फळ्यासमोर उभी राहून बोलल्यासारखं होईल, राग मानू नका.

पहिली चूक म्हणजे तुम्ही डिसेंबरात सुरू केलं. अहो आपली निम्मी माणसं हॉटेलात, टॅक्सीवर, नाहीतर सिक्युरिटीत. डिसेंबर-जानेवारी म्हणजे डबल ड्युटी, रविवार कसला आणि काय. वाचनाचा आपला काळ वर्षावास, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, बाहेर धो धो पाऊस, टुरिस्ट नाही, माणूस घरात सापडतो. भिक्खूंनी पावसात एका जागी राहायचा नियम काही उगाच नव्हता. पण तुम्हाला १ तारखेलाच सुरू करायचंय तर करा, फक्त माणसं मोजू नका.

दुसरी, सगळं तुमच्याच खोलीवर. मग येणारा पाहुणा होतो आणि पाहुणा दोनदा येतो, तिसऱ्यांदा कंटाळतो. आम्ही म्हापशाला घरं फिरती ठेवली, ज्याच्या घरी त्यानेच वाचायचं. एका मावशींना वाचता येत नव्हतं, त्यांच्या घरी त्यांच्या नातवाने वाचलं, अडखळत, आणि सगळ्यात जास्त गर्दी त्या दिवशी.

आणि पहिल्या पानापासून कशाला सुरुवात करता? रोहिणी नदीपासून करा. बाबासाहेबांनी सिद्धार्थाने घर का सोडलं ते सांगताना म्हातारा, आजारी, प्रेत ही गोष्ट बाजूला ठेवली. त्यांनी सांगितलं की शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून भांडण पेटलं, शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं, सिद्धार्थ उभा राहून नाही म्हणाला, मतदानात हरला, आणि मग आपल्या माणसांना शिक्षा नको म्हणून परिव्रज्या घेतली, म्हणजे घर सोडून संन्यास. मी हे म्हादई नदीच्या वादावेळी वाचलं होतं, कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा पाणी योजनेवरून इथे सगळे तापलेले तेव्हा. शेजारचे ख्रिस्ती अंकलसुद्धा खुर्ची ओढून बसले. नदी वरच्याने अडवली तर खालच्याने काय करायचं यावर तासभर वाद, मला पुढचं पान उलटायलाच मिळालं नाही. मी तर म्हणते तोच प्रचार.

मुलीला सांगा खीर सुजातेची. उपासाने हाडं राहिलेल्या माणसाला एका बाईने खीर दिली, त्याने ती खाल्ली, आणि शरीराला छळून काही मिळत नाही हे त्याला कळलेलं होतं म्हणून खाल्ली. बरोबरचे पाचजण रागावून सोडून गेले. नंतर पहिलं प्रवचन त्याच पाचजणांना, सारनाथला. दहाच्या जागी पंधरा ओळी होतील.

---

बार्देशचो_शेजारी
२७ डिसेंबर, सकाळी ९:४०

मी बौद्ध नाही, हिंदू, देवळात जाणारा, तरी लिहितो. स्पष्ट बोलतो.

तुम्ही कुठ्ठाळीत राहता ना, त्याच कुठ्ठाळीतून, म्हणजे जुन्या कुशस्थळीतून, मंगेशाचं लिंग १५६० साली जुवारी नदीपलीकडे प्रियोळला हलवलं. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय बसलं. माणसांनी घरंदारं टाकली पण देव उचलून नेला. आज साडेचारशे वर्षं झाली तरी दारावर कोणी पुस्तक घेऊन आलं की आमच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा येतो, ते पुस्तक कुठलं हे बघायच्या आधीच. तुमचा दोष नाही, पण दार अर्धं का लागतं ते समजून घ्या.

म्हणून माझा सल्ला, सांगू नका, करा. पोरांची ट्यूशन घ्या, रक्तदान ठेवा. लोक आपणहून विचारतील, कोण रे हे.

पण एक सांगतो, टेबलावर लपवता ते मात्र मला पटलं नाही. आम्ही काय खाणार आहोत का तुम्हाला? आमच्या ऑफिसात एक आहे, पहिल्याच दिवशी सांगितलं त्याने. गणपतीला माझ्या घरी जेवायला येतो, १४ एप्रिलला मी त्याच्याकडे जातो.

---

नागपूर_ते_मडगाव
२७ डिसेंबर, दुपारी १:०५

@बार्देशचो_शेजारी साहेब, 'आम्ही काय खाणार आहोत का' हे बोलायला सोपं आहे. तुमच्याकडे तो जेवतो चांगलं आहे, पण भाड्याने खोली बघायला जाऊन बघा एकदा आमच्या आडनावाने. मी विदर्भातलं आडनाव घेऊन मडगावात फिरलोय, दोन ठिकाणी 'व्हेज फॅमिलीच हवी' असं ऐकलं, आणि मी व्हेज आहे.

आणि 'सांगू नका' म्हणजे काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आधी स्वतः भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग उघड्या मैदानात लाखो लोकांना स्वतः दिली. बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणून घेतल्या. दबक्या आवाजात नाही. दोन दिवसांनी चंद्रपूर. माझे आजोबा होते नागपूरला, पांढरे कपडे उसने घेऊन गेलेले. पुढे दोन महिने पण मिळाले नाहीत बाबासाहेबांना, ६ डिसेंबर उजाडला. जे काम राहिलं ते आपल्यावर राहिलं, एवढा साधा हिशेब आहे.

कुठ्ठाळीकर, तुमच्या लोकांमध्ये अजून एक भीती असेल बघा, इथे मी पाचसहा घरांत ऐकली. जातीच्या दाखल्यावर बौद्ध लिहिलं तर आरक्षणाची सवलत जाते. १९९० ला कायदा बदलला, त्या आधी हिंदू आणि शीख धरायचे, १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातीत धरतात. पस्तीस वर्षं झाली आणि लोक अजून १९८९ मध्ये राहतात. तुम्हाला धम्म सांगायचाय ना, मग आधी हे सांगा, कागद घेऊन बसा, तहसीलच्या फॉर्मपासून. अर्धी गर्दी तिथेच होईल. मी १ तारखेला भीमा कोरेगावला असतो नाहीतर आलो असतो.

---

पर्वरी_खिडकीपाशी
२७ डिसेंबर, दुपारी ३:३०

नमस्कार, मी थोडी वेगळ्या वाटेची, निचिरेन या जपानी पंथाची बौद्ध, आम्ही 'नम म्योहो रेंगे क्यो' असा जप करतो, सोका गाक्काई या आमच्या संघटनेची मीटिंग असते. इथे बहुतेक जण आंबेडकरी आहेत हे माहीत आहे तरी विषय बघून राहवलं नाही, कारण वर्ष संपताना आमच्याकडे पण अगदी हेच चालू असतं. वर्षभरात कोणाला सांगितलं, कोण येऊन गेलं, पुढच्या वर्षी काय.

मी एक करते, डायरीच्या पहिल्या पानावर माणसांची नावं लिहिते. आकडा नाही लिहीत, नावं लिहिते. यंदा सहा होती. त्यातल्या एकीला मी धम्माचं काहीच बोलले नाही, तिच्या आईच्या केमोला तीन वेळा बांबोळीच्या इस्पितळात सोबत बसले फक्त. ऑक्टोबरात तिनेच विचारलं, तू सकाळी काय म्हणतेस ते मला पण शिकव. बाकी पाचांचं काही झालं नाही, एकीने तर मला म्यूट केलंय. तरी नावं परत लिहिणार.

---

नागपूर_ते_मडगाव
२७ डिसेंबर, दुपारी ३:४८

ताई आदर आहे पण जप करून काय होणार, बुद्धाने मंत्रतंत्र नाकारले ना

---

पर्वरी_खिडकीपाशी
२७ डिसेंबर, दुपारी ४:१०

दादा, जपाने काय होतं यावर आपण वेगळा धागा काढू, तिथे भांडू मनसोक्त. इथे त्यांना १ तारखेची घाई आहे. :)

---

अपरांत_वाचक
२७ डिसेंबर, रात्री १०:२२

कुठ्ठाळीकर, मला एक कळत नाही, तुम्ही कुठ्ठाळीत राहता, सांकवाळ अगदी शेजारी, आणि तुम्ही विचारताय गोव्यात धम्म कोणाला आणि कसा सांगायचा? बौद्ध धम्माचे आणि पालीचे मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी सांकवाळचे हो! जन्म १८७६. वडिलांच्या माडांची राखण करणारा मुलगा, धड शाळा नाही, एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. १८९९ ला बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाले (हे मला आजही खटकतं, सिद्धार्थाचं ठीक होतं म्हणून सगळ्यांचंच ठीक होतं असं नाही, पण तो वेगळा विषय). पुणे, काशी, तिथून नेपाळ, मग १९०२ ला सिलोन, तिथे श्रामणेर (नवशिके भिक्खू) झाले, पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले. पुढे हार्वर्डपर्यंत गेले. इंटरनेट सोडा, सांकवाळला तेव्हा पोर्तुगीज राज्य.

तुमच्या प्रश्नाला लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. कलकत्त्याला पाली शिकवायची चांगली नोकरी होती. सयाजीराव गायकवाडांनी निरोप दिला की महाराष्ट्रात कुठल्याही गावात राहा, बडोद्याकडून महिना ५० रुपये मिळतील, अट एकच, वर्षाला एक पुस्तक. कोसंबींनी कलकत्ता सोडलं. कारण धम्म मराठीत सांगायचा होता, आपल्या माणसांना. मला ही अट फार आवडते. 'धम्मकार्यास वाहून घ्या' असलं काही नाही, वर्षाला एक पुस्तक, झालं की पुढचं. तुमचा संकल्प मोडतो कारण तो मोजता येत नाही. बावन्न रविवार म्हटलं की तिसऱ्या रविवारी मोडणारच. वर्षात एक भाग पूर्ण वाचून काढायचा, एवढंच ठेवा, मग शिफ्ट आली तरी तो मोडत नाही, पुढे सरकतो.

आता दार अर्धं लावणाऱ्यांचं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात पुण्ण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. पुण्ण बुद्धाला म्हणतो, मी सूनापरांताला जाऊन राहतो. अपरांत म्हणजे आपलंच कोकण, अभ्यासक बहुतेक करून सोपाऱ्याकडचा (आजचं नालासोपारा) भाग धरतात, तिथला स्तूप १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी उकरला. बुद्ध म्हणतात, अरे तिथली माणसं रागीट, कडक. शिव्या देतील तर? (आम्हा कोकण्यांची कीर्ती तेव्हापासूनची!) पुण्ण म्हणतो, मग म्हणेन चांगली माणसं आहेत, हाताने तर मारत नाहीत. मारलं तर? मग म्हणेन, ढेकळं तर फेकत नाहीत. असं करत करत काठी, शस्त्र आणि शेवटी जीव घेण्यापर्यंत. बुद्ध म्हणतात, जा मग, एवढा संयम असेल तर राहू शकशील. आणि सुत्त सांगतं की त्याच वर्षावासात तिथे पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका झाल्या.

पाचशेकडे बघू नका, तो आकडा पाली ग्रंथांत जिकडेतिकडे येतो. मला त्यात लक्षात येतं ते हे, की बुद्धाने त्याला 'तू काय शिकवणार' हे विचारलंच नाही. लोकांनी वाईट वागवलं तर तुझं काय होईल, एवढंच परत परत विचारलं. तुम्ही अकरा वर्षं शिव्या खायच्या आधीच घाबरून बसलात. कोणी शिवी दिलीय का आतापर्यंत? बार्देशच्या भाऊंनी तर इथे जेवायला बोलावल्यासारखं लिहिलंय.

आणि 'आपल्याच की बाहेरच्यांना', तर 'चरथ भिक्खवे चारिकं' (भिक्खूंनो, फिरत राहा) म्हणतो ना आपण सगळ्या कार्यक्रमांत, त्यात पुढे असंही आहे की एका वाटेने दोघे जाऊ नका. म्हणजे तुम्ही कुठ्ठाळी, उपासिका म्हापसा, नागपूरवाले तहसील. सगळ्यांनी एकाच खोलीत येऊन एकमेकांना धम्म सांगणं हे काही अपेक्षित नव्हतं.

---

बार्देशचो_शेजारी
२८ डिसेंबर, सकाळी ८:०२

जेवायला बोलावल्यासारखं नव्हे, बोलावलंच म्हणा. पण कुठ्ठाळीहून म्हापशाच्या पुढे यायचं तर ३१ च्या ट्रॅफिकात यायचं नाही, पर्वरीलाच वर्ष बदलेल.

खोलीचं नागपूरवाल्यांनी लिहिलं ते वाचून गप्प झालो. माझ्या मामेभावाच्या दोन खोल्या आहेत भाड्याच्या. विचारतो त्याला, तो काय अट घालतो ते. बरं वाटणार नाही असं उत्तर येईल अशी शंका आहे.

---

कुठ्ठाळीकर_नवा
३० डिसेंबर, रात्री ९:१७

जयभीम. दोन दिवस सेकंड शिफ्ट होती, सगळं बसमध्ये वाचलं, अपरांत वाचकांचं तर तीनदा. अकरा वर्षं सांकवाळच्या शेजारी राहतोय, माझ्या लेखी ते फक्त बोर्ड होतं रस्त्यावरचं.

काल कंपनीत विषय निघाला, तोच, नवीन वर्षाला देवदर्शनाला कुठे जाणार. एक शिर्डी म्हणाला, एक जण ओल्ड गोव्याला चर्चमध्ये मासला. माझी पाळी आली. तोंडात भाकरी होती ती मुद्दाम जास्त वेळ चावली. मग म्हटलं, मी बौद्ध आहे, माझ्याकडे घरी वाचन आहे १ तारखेला. मी मनात पुण्णाची तयारी केलेली, शिव्या, ढेकळं, काठ्या. समोरचा म्हणाला, अच्छा, म्हणजे तू अंडं नाही खात? आणि माझ्या डब्यात अंडाकरी. सगळे हसले, मी पण हसलो. मग तो अंडं चालतं की नाही यावरच अर्धा तास. एकजण मात्र उठून गेला, भांडी धुवायला गेला की कशाला ते कळलं नाही, आज माझ्याशी कमी बोलला, किंवा मला तसं वाटलं. संध्याकाळी ज्याला मी मालवणचा गाबीत समजत होतो तो बाइकपाशी येऊन हळूच म्हणाला, जयभीम. सहा वर्षं एका लॅबमध्ये काम करतोय आम्ही! तो पण आडनावामागे लपलेला.

तर ठरवलं ते असं. १ जानेवारी, संध्याकाळी ५, माझ्याकडे. आधी त्रिशरण पंचशील, मग रोहिणी नदीचं प्रकरण, फक्त तेवढंच. वाचणार मुलगी. तिने कालपासून प्रॅक्टिस सुरू केलीय, 'परिव्रज्या' शब्दावर अडते आणि चिडते. बाइकवाला बायकोला घेऊन येतोय. पुढचं घर त्याचं. वर्षभरात पहिला खंड संपवायचा, रविवार धरून नाही, जेव्हा दोघांची शिफ्ट जुळेल तेव्हा. डायरीत नावं लिहायला बसलो, पहिलं नाव बायकोने स्वतःचं लिहायला लावलं, म्हणाली मला कधी धड सांगितलंयस का तू, मी नुसती चहाच करत होते गेल्या वर्षी. चहा यंदा मी करणार.

नागपूरवाले दादा, दाखल्याचं मला खरंच नीट माहीत नव्हतं, तुम्ही कोरेगावहून आलात की फोनवर बोलू, त्याची एक बैठक वेगळी ठेवायची आहे.

---

नागपूर_ते_मडगाव
३० डिसेंबर, रात्री ९:२५

५ तारखेला परत येतोय. कागद मी आणतो, झेरॉक्स तुमच्याकडे. आणि अंडं चालतं, काळजी करू नका 😂

---

म्हापशाची_उपासिका
३० डिसेंबर, रात्री ९:४१

साधू साधू साधू. मुलीला म्हणावं 'परि' म्हटल्यावर श्वास घे, मग 'व्रज्या'. माझ्या वर्गात पण तिथेच अडायची पोरं.

मी येते १ तारखेला, म्हादईची जुनी कात्रणं ठेवलेली आहेत ती घेऊन. पणजीपर्यंत बस मिळते, तिथून कुठ्ठाळीला परत जायला यायला सुट्टीच्या दिवशी कदंब कितीपर्यंत असते ते कोणीतरी सांगा, आणि पुस्तक फ्रिजवरून खाली काढा आधी, ओल धरली असेल.